फॉल-पिकोवाली टीचर

लग्न होऊन सिल्वासात आले तेव्हा मला वाटलं होतं, बी.एड. झालेल्या बाईला इथे नोकरीची काय कमी. नोकरी मिळालीही, महिनाभराच्या आत. किलवणी नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर एक खाजगी इंग्रजी शाळा होती, तिथे चौथीचा वर्ग मिळाला. नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा मी ते सासरी फोन करून वाचून दाखवलं. त्यातली एक ओळ मात्र मला पुढच्या मार्चमध्ये कळली. नेमणूक दहा महिन्यांची होती. जूनमध्ये हजर व्हायचं, मार्चअखेर मोकळं व्हायचं, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावलं तर पुन्हा यायचं. एप्रिल आणि मे हे दोन महिने आम्ही कुणीच नसायचो. पगार नाही, हजेरी नाही. निकालपत्रकं मात्र एप्रिलमध्येच लिहून द्यायची, कारण ती मुलांच्या भल्यासाठी असतात.

नवरा जवळच मसाटला वायरच्या कारखान्यात ऑपरेटर. आम्ही दोघं जळगाव जिल्ह्यातले, पण तो माझ्या आधी सहा वर्षं इथे आलेला, त्यामुळे त्याला सगळं सवयीचं झालं होतं. मी दहा महिन्यांच्या पगाराबद्दल चिडले की तो म्हणायचा, "सगळीकडे असंच आहे. तू कशाला एवढा लोड घेते?" त्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम होता तोवर हे ठीक होतं. मुलगी तीन वर्षांची झाली, तिचं बालवाडीचं बघायची वेळ आली, आणि नेमका त्याच वर्षी ओव्हरटाइम बंद झाला. मग लोड त्यालाही आला.

जोडधंदा शोधायला लागलं की माणसाला पहिल्यांदा कळतं, आपल्याला फसवायला किती लोक टपून बसलेत. मोबाईलवर दिवसाला चार जाहिराती यायच्या. घरबसल्या पेन्सिली पॅक करा, घरबसल्या टायपिंग करा. एका बाईने मला फोनवर अर्धा तास "ताई, ताई" करून समजावलं आणि शेवटी कच्चा माल पाठवण्याआधी नोंदणीचे पैसे मागितले. मी म्हटलं, "काम मी करणार आणि पैसेही मीच देणार?" तिने फोन ठेवला. शिकवण्या घ्याव्यात तर शाळेच्या पत्रात लिहिलेलं, की आपल्या शाळेतल्या मुलांची शिकवणी घ्यायची नाही. आमच्या आसपासच्या घरांतली सगळी मुलं आमच्याच शाळेत. शेजारच्या दोघींबरोबर मी एका उन्हाळ्यात पापडही करून पाहिले. उरलेले पापड आम्ही दिवाळीपर्यंत खाल्ले.

शेवटी जे जमलं ते खालच्या मजल्यावर मिळालं. तिथे धुळ्याकडच्या एक मावशी राहायच्या. त्या साड्यांना फॉल लावायच्या, कडांना पिको करायच्या. त्यांच्या मुलाने वापीला घर घेतलं, त्या तिकडे निघाल्या, आणि जाताना मोटर लावलेलं मशीन विकायचं म्हणाल्या. मी म्हटलं, "मावशी, मशीन घेते, पण शिकवून जा." त्या पंधरा दिवस रोज दुपारी मला घेऊन बसल्या.

दिसायला हे काम क्षुल्लक आहे. मलाही तसंच वाटायचं. फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो. मग इस्त्री. खालची कड मशीनवर, वरची कड हातानं, आणि टाका असा घ्यायचा की साडीच्या पुढच्या बाजूनं तो दिसताच कामा नये. सुती साडी ऐकते. शिफॉन हातातून सापासारखी निसटते. मावशींनी माझी पहिली तीन कामं उसवून पुन्हा करायला लावली, त्यांच्या स्वतःच्या साड्यांवर. चौथी साडी त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आता लोकांच्या साडीला हात लाव."

बाजारात एका काकांचं मॅचिंग सेंटर होतं. परकर, ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. मावशी त्यांचंच काम करायच्या, आता ते मला मिळालं. काका गुजराती, आमच्याशी त्यांच्या पद्धतीची मराठी बोलायचे. पहिल्या आठवड्यातली कामं बघून म्हणाले, "बेन, तुमचा हात साफ हाय." शाळेत मला चार वर्षांत कुणी असं काही म्हटलं नव्हतं. शाळा दीड वाजता सुटायची. मुलीला जेवू घालून झोपवलं की अडीच-तीनपासून संध्याकाळपर्यंत चार साड्या व्हायच्या, लग्नसराईत सहा. एप्रिल-मे म्हणजे लग्नांचे दिवस. ज्या दोन महिन्यांत शाळेच्या लेखी मी नव्हतेच, त्याच दोन महिन्यांत मी सगळ्यात जास्त कमावलं.

तरीही मी ते लपवत होते. हे आता लिहितानाही राग येतो, आणि तो माझाच स्वतःवरचा आहे. दारावरची बेल वाजली की मी मशीनवर चादर टाकायची. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्याची वही माझ्याकडे राहिली म्हणून घरी आले, तर मी चटईवरच्या साड्या पायाने पलंगाखाली ढकलल्या. लोकांच्या कोऱ्या साड्या. ते गेल्यावर मी त्या झटकून पाहिल्या, एकीच्या पदराला धूळ लागली होती. ज्या कामानं घर चालत होतं ते मी पायानं ढकललं, आणि कशासाठी, तर मी टीचर आहे म्हणून.

काका साड्या द्यायचे, कुणाच्या ते सांगायचे नाहीत. मीही विचारत नव्हते. पण सिल्वासा एवढं मोठं नाही. एकदा वर्गात बेरजा तपासत होते, तर पुढच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "टीचर, मम्मी म्हणाली की तिच्या पिवळ्या साडीचा फॉल तुम्ही लावला. मम्मी म्हणाली खूप छान लावला." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मुलांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. एकानं तर विचारलं, "टीचर, तुमच्याकडे मशीन आहे? पायाचं की मोटरचं?" मी म्हटलं, मोटरचं. तो खूश झाला. त्याची आई पण शिवते, म्हणाला.

मुलांचा प्रश्न तिथेच मिटला. मोठ्यांचा मिटला नाही. दोन दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या मूळच्या मुंबईच्या, मराठीच. बोलणं नेहमी मऊ. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "घरी काही अडचण आहे का?"

"नाही मॅडम."

"मग हे साड्यांचं काय ऐकतेय मी? पालकांच्या साड्या तुम्ही शिवून देता?"

"शिवत नाही मॅडम. फॉल लावते, पिको करते. शाळा सुटल्यावर."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "हे बघा, काम वाईट नाही. पण शिक्षिकेला ते शोभत नाही. उद्या एखादी आई पॅरेंट मीटिंगला पिशवीतून साडी घेऊन आली तर? शाळेची इमेज असते. पालक आपल्याकडे आदरानं बघतात."

मला विचारायचं होतं, की आदर एप्रिलमध्ये कुठे जातो. पण विचारलं नाही. मी म्हटलं, "पाहते मॅडम," आणि बाहेर आले. घरी आल्यावर मात्र मशीनवरची चादर काढलीच नाही. त्या दिवशी एकही साडी झाली नाही.

आठवड्याभरात स्टाफरूममध्ये नोटीस लागली. कोणाही शिक्षकाने शाळेव्यतिरिक्त पैसे घेऊन कोणतंही काम करू नये. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. माझ्याशेजारी चित्रकलेच्या टीचर बसायच्या. त्या माझ्या सगळ्यात जवळच्या. डब्यातली भाजी वाटून खायची, मुलांचं आजारपण एकमेकींना सांगायचं, असं आमचं होतं. त्या लग्नांत मेहंदी काढायच्या, आणि फार सुंदर काढायच्या. हे शाळेत फक्त मला माहीत होतं. त्यांनी नोटीस वाचली, पर्समधून पेन काढलं, सही केली आणि माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाल्या, "बरोबरच आहे. शाळेच्या बाहेर असं काही करणं चांगलं दिसत नाही."

मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. नखांच्या कडेला मेहंदीचा रंग होता.

सही मीही केली. हेही खरं आहे. मार्चपर्यंतचा पगार डोळ्यांसमोर होता. सही करून घरी गेले आणि तीन वाजता मशीनवर बसले. फक्त काकांना सांगितलं, माझं नाव कुणाला सांगू नका. काका म्हणाले, "का बेन? चोरीचा माल हाय का?" मी साड्यांची पिशवी उचलली आणि निघाले.

नोटीस लागली त्याच महिन्यात मॅडमनी दुसरं एक फर्मान काढलं. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी सगळ्या शिक्षकांनी दोन रविवार घरोघर जाऊन शाळेची पत्रकं वाटायची. आम्ही बारा जण उन्हात सोसायट्या आणि चाळी फिरलो. एका बिल्डिंगच्या वॉचमनने मला आणि गणिताच्या सरांना हटकलं, "सेल्समनला आत जायला मनाई आहे." सर म्हणाले, आम्ही शिक्षक आहोत. तो म्हणाला, "मग रविवारी शाळा कशी काय?" त्याचं काय चुकलं होतं? या दोन रविवारांचे पैसे मिळणार नव्हते, म्हणून ते आम्हाला शोभत होतं. एवढाच फरक होता.

तेव्हापासून माझ्या मनात काहीतरी घट्ट होत गेलं. घरी मी नवऱ्यावर चिडायची, मुलीवर चिडायची. नवरा म्हणाला, "तुला त्रास होतो तर पिको बंद कर ना." मी म्हटलं, "पिकोचा त्रास होत नाही. शाळेचा होतो." तो म्हणाला, "गावी सगळ्यांना सांगितलंय, बायको इंग्लिश शाळेत टीचर आहे." म्हणजे त्यालाही टीचरच हवी होती. वाणसामान भरायला पिकोचे पैसे, आणि गावी सांगायला टीचर. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोन दिवस आम्ही मुलीमार्फत बोललो.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांचे नाच. एका नाचाला साठ मुली, आणि प्रत्येकीला नेटचा दुपट्टा. ट्रस्टींच्या ओळखीतून कापड स्वस्तात आलं होतं, पण नुसतं कापलेलं. कडांचे धागे सुटत होते. संमेलनाला आठ दिवस उरले होते, तेव्हा मधल्या सुट्टीत मॅडम स्वतः स्टाफरूममध्ये आल्या. मागून शिपाईमामा दोन मोठी गाठोडी घेऊन. ती त्यांनी माझ्या टेबलासमोर ठेवली.

मॅडम हसून म्हणाल्या, "आपल्या घरातच कलाकार असताना बाहेर कशाला जायचं? साठ दुपट्टे आहेत. चारही बाजूंनी पिको करून द्या. शनिवारपर्यंत होतील ना? तुमच्याकडे मशीन आहेच."

स्टाफरूममध्ये सगळे होते. कुणीतरी हसलंही, चांगल्या भावनेनं असेल. मी गाठोड्याची गाठ सोडली, वरचा दुपट्टा हातात घेतला. नेट हे सगळ्यात त्रासाचं कापड. सुई अडकते, भोकं पडतात, हात सारखा सांभाळावा लागतो. साठ दुपट्टे, चार कडा, म्हणजे दोनशे चाळीस कडा. हिशेब मी मुद्दाम केला नाही, तो आपोआप झाला.

मी म्हटलं, "मॅडम, नोटीस आहे ना."

"नोटीस?"

"बाहेरचं काम करायचं नाही अशी. सही केलीय मी."

"अहो, ती पैसे घेऊन करायच्या कामाबद्दल आहे. हे शाळेचं काम. यात पैशाचा प्रश्न कुठे येतो? सेवा समजा."

मला माझाच आवाज ऐकू आला. तो मोठा नव्हता. "पैसे घेतले की शोभत नाही आणि फुकट केलं की शोभतं, असं आहे का मॅडम? मशीन तेच आहे. हात तेच आहेत."

मॅडमचं हसू तसंच होतं, पण आता ते चेहऱ्यावर नुसतंच राहिलं होतं. "आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये मागच्या वेळी तुम्ही बोललात, मी ऐकलं. आता इथेच सांगते. नेटच्या दुपट्ट्याला बाजारात जो दर आहे तो मी घेईन. शाळेसाठी म्हणून दुपट्ट्यामागे दहा रुपये कमी लावते. शनिवारी सकाळी साठच्या साठ मिळतील, एकही धागा सुटलेला नसेल. पण फुकट करणार नाही."

गणिताचे सर पेपर तपासत असल्यासारखे खाली बघत राहिले. चित्रकलेच्या टीचर उठून हात धुवायला गेल्या. मी अपेक्षेनं त्यांच्या पाठीकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. "मॅडम, त्यांचं बरोबर आहे," एवढंच. त्या नळाशी फार वेळ हात धूत राहिल्या.

मॅडम शिपाईमामांना म्हणाल्या, "उचला." मामांनी गाठोडी उचलली. दारातून जाताना त्यांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. शाबासकी होती की कीव, मला आजही सांगता येणार नाही.

संमेलन झालं. दुपट्ट्यांना कडा होत्या, कुणीतरी घाईत मारलेल्या. मला सूत्रसंचालनातून काढून पार्किंगपाशी पालकांना रांगेत लावायच्या कामावर ठेवलं होतं. मार्चअखेर सगळ्यांना जूनची तारीख सांगितली, मला सांगितली नाही. मी विचारलं तर ऑफिसातल्या क्लार्कने कागद न बघताच म्हटलं, "तुमची टर्म पूर्ण झाली ना मॅडम." पाच वर्षं एका वर्गावर उभी राहिले आणि त्याला टर्म म्हणतात.

नवरा घरी आल्या आल्या सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, तो म्हणेल, कशाला बोललीस. तो तसं म्हणाला नाही. तो दारातच चपला काढत म्हणाला, "दुपट्ट्याचा दर काय सांगितला होतास?" मी सांगितला. तो म्हणाला, "कमीच सांगितला." आमचं भांडण तिथे संपलं असं नाही, पण त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या रविवारी त्याने पत्र्याचा एक छोटा बोर्ड रंगवून आणला आणि खाली जिन्यापाशी लावला. फॉल, पिको, पहिला मजला. अक्षरं थोडी वाकडी होती. गावच्या लोकांना तो अजूनही टीचरच सांगतो, आणि मी त्याच्यावर अजूनही चिडते.

जूनमध्ये मला दुसऱ्या शाळेत काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण बारा महिन्यांचा. मुलाखतीत मी आधीच सांगितलं, दुपारी मी फॉल-पिको करते, चालत असेल तर बघा. समोरचे सर म्हणाले, "वेळेवर येता ना? मग आम्हाला काय." इतकं साधं उत्तर असू शकतं हे माहीत असतं, तर मी कधीच मशीनवर चादर टाकली नसती.

चित्रकलेच्या टीचर जुलैत घरी आल्या. फोन न करता. हातात पिशवी होती. मी दार उघडलं, पाणी दिलं. चहा केला नाही. एरवी घरी आलेल्या माणसाला मी चहाशिवाय जाऊ देत नाही, पण त्या दिवशी मी गॅसकडे गेले आणि परत आले.

त्या म्हणाल्या, "तू रागावली असशील."

"हो."

"माझे मिस्टर नोटिशीच्या आधीपासून घरी बसलेत. फिनिशिंग खातं बंद केलं त्यांच्या कारखान्यानं. माझी नोकरी गेली असती तर..."

हे मला माहीत नव्हतं. डब्यातली भाजी वाटून खायचो आणि हे माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. मी म्हटलं, "सही केलीस त्याचा राग नाही. सही मीपण केली. वर ते वाक्य कशाला बोललीस? ते कुणी मागितलं नव्हतं."

त्या म्हणाल्या, "भीती वाटली की कुणाला माझं कळेल. म्हणून आधीच बोलले." आणि पिशवी जवळ ओढत, "यंदा संमेलनाचे कपडे बाहेरून शिवून घेणार आहेत. पैसे देऊन. मॅडमच म्हणाल्या, फुकटच्या कामात क्वालिटी राहत नाही."

मी हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. त्याही कसनुशा हसल्या.

मुलगी आतून आली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्यांनी पर्समधून मेहंदीचा कोन काढून तिच्या तळहातावर एक मोर काढला, दोन मिनिटांत. मी बघत होते. एवढा साफ हात लपवून ठेवायचा आणि वर कुणाची तरी मर्जीही सांभाळायची. माझा राग त्यांच्यावरून सरकून पुन्हा शाळेवर, जिथे असायला हवा तिथे गेला, पण पूर्ण नाही गेला.

उठताना त्यांनी पिशवीतून साडी काढली. जांभळी, सुती, बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी. "करशील?"

मी साडी उलगडली, काठ पाहिला, फॉलचा रंग ठरवला. दर सांगितला, सगळ्यांना सांगते तोच. त्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, मंगळवारी चारनंतर या.